वाक्य पुरं होऊ द्या, सुनंदाबाई

ताई, तुम्ही गेल्यापासून तुमच्या घरी जो जो भेटायला आला, तो 'सुटली बिचारी' म्हणून गेला. सिल्लोडहून आलेल्या तुमच्या मावशी म्हणाल्या. तुमच्या भावाच्या, विलासभाऊंच्या ऑफिसातले लोक म्हणाले. शेजारच्या काकू, ज्यांनी इतक्या वर्षांत तुमच्याशी एक शब्द बोलून पाहिला नाही, त्याही डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या. मी सतरंजीच्या टोकाला बसून ऐकत होते आणि माझ्या मनात येत होतं, उठून एकेकाला विचारावं, कशातून सुटल्या? सकाळी साडेसातचा चहा, मग पेपर, मग छापखान्यातून आलेली मुद्रितं, दुपारी खिचडीवर लिंबाचं लोणचं, संध्याकाळी भावाशी राजकारणावरून कडाक्याचं भांडण. यातल्या नेमक्या कशातून त्यांना सुटायचं होतं?

विचारलं नाही. मदतनिसानं घरच्या माणसांच्या बोलण्यात पडायचं नाही, हा तुमचाच नियम. आणि हो, सगळे तुम्हाला 'ती' म्हणत होते. तुम्ही असताना तसं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी शेंद्र्याहून मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले, तेव्हा मला हे काम म्हणजे आजारी माणसाची सेवा वाटायची. मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेनं चिठ्ठी दिली होती: गारखेडा, तळमजला, बाईंना जन्मापासून हातापायांवर ताबा नाही, चाकाची खुर्ची, बोलणं जड, डोकं तल्लख. शेवटचे दोन शब्द मी नीट वाचलेच नसावेत. दार उघडंच होतं. मी सरळ तुमच्या खोलीत शिरले आणि म्हणाले, "काय म्हणतंय आमचं बाळ? चहा पिलं का?"

तुमचा जबडा हलायला लागला, मान एका बाजूला गेली, डावा हात ताठ वर आला. मला वाटलं, फिट आली. मी ओरडत वहिनींकडे धावले. वहिनी कणीक मळत होत्या, त्या म्हणाल्या, "काही नाही हो, बोलतायत त्या." मी परत आले तेव्हा तुम्ही अर्ध्यावर होतात. सगळं मिळून ते असं होतं: "बाहेर जा. दार वाजवा. मग आत या. आणि मला अहो म्हणा." एवढ्याला तुम्हाला पाऊण मिनिट लागलं. मी बाहेर गेले, उघडं दार वाजवलं आणि मनात म्हणाले, लई नखऱ्याची बाई दिसतीय, आठ दिवसांत काम सोडायचं.

त्या दिवसापासून मी तुम्हाला ताई आणि तुम्ही, आणि तुम्ही मला सुनंदाबाई आणि तुम्ही. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सुनंदाबाई म्हटलं, हे मात्र मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. घरी नवरा 'अगं', सासू 'ए', शेंद्र्याच्या कंपनीत सहा महिने पॅकिंगला होते तिथं सुपरवायझर नुसतं बोट दाखवायचा. तुम्ही त्या एका 'सुनंदाबाई'ला पाच-सहा सेकंद घालवायचात, आणि तरी एकदाही नुसतं 'सुनंदा' म्हणून वेळ वाचवला नाहीत.

मग संस्थेच्या सचिव सरांना मदतनिसांसाठी आचारसंहितेची पुस्तिका काढायची लहर आली. त्यांनी कुठूनसा नमुना आणला. पहिलंच वाक्य होतं, 'सेविकेने लाभार्थ्याप्रती करुणाभाव व मातृवत् वात्सल्य बाळगावे.' मुद्रितं तपासणं हा तुमचा पेशा. डाव्या मुठीत लाल पेन्सिल धरून तुम्ही 'मातृवत्'वर अशी काट मारलीत की कागद फाटला. "मला आई होती," तुम्ही म्हणालात. "आता मदतनीस पाहिजे." सर म्हणाले, मग तुम्हीच सांगा नियम. तेव्हापासून दर शनिवारी संस्थेच्या वर्गात तुम्ही सांगायचात आणि मी त्या निळ्या दोनशे पानी वहीत उतरून घ्यायचे.

तुमचे नियम आभाळातून पडलेले नव्हते. एकेका नियमामागं आमच्यापैकी एकेकीची चूक होती, आणि जास्त करून माझीच. खुर्चीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नियम कशामुळं? तुमच्या भाचीच्या लग्नात फोटोवाल्यानं सांगितलं म्हणून मी तुम्हाला न विचारता मागं ओढलं होतं, तुम्ही नवरीशी बोलत असताना. घरातलं बाहेर बोलायचं नाही, हा नियम कशामुळं? तुमच्या आंघोळीला कसा तास लागतो, ते मी काळी-पिवळी जीपमध्ये बसून शेंद्र्यापर्यंत सांगत गेले, आणि मागच्या सीटवर वहिनींची मावसबहीण निघाली. वर्गात नियम सांगताना तुम्ही माझं नाव कधी घेतलं नाही. नुसतं माझ्याकडे बघून हसायचात, आणि सगळ्या पोरींना कळायचं ते कळायचंच.

एक भांडण मात्र आपलं कधी मिटलं नाही. मला वाटतं चौथं की पाचवं वर्ष असेल, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी तुमचे केस विंचरत होते आणि सहज म्हणाले, "ताई, आता मी तुमाला बहिणीसारखीच की." तुम्ही म्हणालात, "बहीण नको." मला इतकं लागलं ते, की दोन दिवस मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. कामापुरतं म्हणजे तुमच्या नियमाप्रमाणं अगदी चोख, दार वाजवून, विचारून, अहो म्हणून. तिसऱ्या दिवशी तुम्हीच विषय काढलात. तुमचं ते बोलणं मी आजही जसंच्या तसं सांगू शकते. "बहिणीनं केलं तर उपकार होतो. तुम्ही करता ते काम आहे. कामाबद्दल मला तुम्हाला रागावता येतं."

मी म्हणाले, "नियमानं आंघोळ घालता येते ताई, जीव नाय लावता येत."

तुम्ही बराच वेळ घेतलात. मग म्हणालात, "जीव लावा. पण दार वाजवून."

तेव्हा मला ती नुसती शब्दांची चलाखी वाटली. पण वहिनींनी मला 'जाता जाता दहा-बारा पोळ्या लाटून द्या' म्हणायला सुरुवात केली, आणि मग विलासभाऊंचे शर्टही बादलीत येऊन पडायला लागले, तेव्हा तुम्हीच भावाला खोलीत बोलावून सांगितलंत की त्या माझ्या मदतनीस आहेत, घराच्या नाहीत. वहिनी आठवडाभर फुगून होत्या. तुमची बहीण असते तर त्या पोळ्या मला जन्मभर लाटाव्या लागल्या असत्या, हे मला बस स्टॉपवर उभं राहून उशिरानं कळलं. कळलं तरी मी कबूल केलं नाही. तुमच्यापुढं हार मानायची म्हणजे माझ्या जिवावर यायचं.

आता सहावा नियम. मला तो लिहितानाही राग आला होता आणि आजही येतो, फक्त आज तो माझ्यावर येतो. 'बोलायला वेळ लागणाऱ्या माणसाचं वाक्य मदतनिसानं पुरं करायचं नाही. तो थांबेपर्यंत थांबायचं.' मी तेव्हाच वही मिटून म्हणाले होते, "ताई, हे जमायचं नाय. बँकेत मागं रांग असते. लोक मला बोलतात, तुमाला नाय बोलत." तुम्ही म्हणालात, "मग त्यांना ताटकळू द्या." सांगणं सोपं आहे. तुमच्या एका वाक्यात रांगेतली माणसं घड्याळ बघायची, खोकायची, एकदा तर एकानं मला सांगितलं, "अहो बाई, तुम्हीच बोला ना, त्यांना कशाला त्रास." तुमचा त्रास बघवत नाही म्हणून कुणी तुम्हाला बोलू देत नव्हतं.

मी स्वभावानं घाईची, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक. गुलमंडीवरच्या त्या साडीच्या दुकानात काय झालं? दुकानदारानं तुमच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "इनकू कौनसा रंग होना, बाजी?" मी नियमाप्रमाणं तुमच्याकडे बघितलं. तुम्ही सुरुवात केलीत, "हिरवा..." आणि मी लगेच म्हणाले, "हिरवा दाखवा, हिरवा." त्यानं हिरव्यांचा ढीग टाकला. त्यातली एक घेतलीत आणि पुढची चार वर्षं प्रत्येक लग्नामुंजीला तीच नेसलात. मला वाटायचं, काय आवडलीय साडी. शेवटी एकदा निऱ्या घालताना मी तसं म्हटलंही. तेव्हा तुम्ही सांगितलंत, "मी म्हणत होते, हिरवा सोडून काहीही." चार वर्षं. एखाद्या माणसानं खोड मोडायची म्हणून इतकं हट्टी असावं? आपण दोघी इतक्या हसलो की वहिनी बघायला आल्या. हसून मी विसरूनही गेले. तिथंच चुकलं, ताई.

तुम्हाला दवाखान्यात नेलं त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. गारखेड्यात आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्या दिवशी घरातली बाई घर सोडून कुठं जात नाही, म्हणून वहिनी आल्या नाहीत. विलासभाऊ ड्युटीवर. दवाखान्यात आपण दोघीच. रिक्षावाला बाहेर थांबवलेला, तो दर दहा मिनिटांनी दारातून डोकावत होता. तुम्हाला कालपासून ताप, खोकला, आणि श्वास जरा भराभर. डॉक्टर वयानं लहान होते, बाहेर बाकांवर गर्दी होती. त्यांनी मला विचारलं, "काय होतंय यांना?"

मी म्हणाले, "त्यांनाच विचारा, त्या सांगतील." बघा, इथपर्यंत मी चुकले नव्हते.

त्यांनी तुमच्याकडे वळून विचारलं, "काय होतंय, मावशी?" तुम्ही तोंड उघडलंत. दम लागत होता, त्यामुळं नेहमीपेक्षाही जास्त वेळ लागत होता. डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलेलं. रिक्षावाला दारात. मागच्या बाईचं बाळ रडत होतं. तुम्ही म्हणालात, "पाठ..."

आणि मी म्हणाले, "पाठ तर त्यांची रोजच दुखते, डॉक्टर. खुर्चीमुळं. मी चोळून देते."

डॉक्टरांनी मान हलवली. ताप, खोकला लिहिलं. पाठ लिहिली नाही. गोळ्या आणि एक बाटली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. अकरा वर्षांत तुमच्या बघण्याचे सगळे प्रकार मला पाठ झाले होते, पण ते बघणं मी बघायला थांबलेच नाही, मी खुर्ची वळवत होते. विचारून वळवली का, तेही मला आठवत नाही.

आता मला तुमच्यावर रागवायचं आहे. मला रागावू द्या, कामाबद्दल रागावता येतं असं तुम्हीच म्हणालात. तुम्ही परत का नाही बोललात? पहिल्याच दिवशी पाऊण मिनिट खर्चून मला खोलीबाहेर काढणाऱ्या तुम्ही. एका साडीवरून चार वर्षं माझी जिरवणाऱ्या तुम्ही. रिक्षात मी विचारलं होतं, "ताई, पाठीचं काय म्हणत होता?" तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "नंतर." श्वास पुरत नव्हता, मला दिसत होतं. घरी गेल्यावर मी पाठ चोळून दिली, रोजच्यासारखी, आणि वर म्हणाले, "आता बरं वाटंल." दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मदतनिसाला आठवड्याची सुट्टी मिळालीच पाहिजे, या तुमच्याच नियमाची. तुम्ही थकला होतात, हे मला कळतं, आणि तरी मला तुमचा राग येतो. मग स्वतःचा येतो. मग परत तुमचा. दिवसभर हेच चाललेलं असतं, भांडी घासताना, बसमध्ये, कुठंही.

तिसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. तिथले डॉक्टर फोटो उजेडाकडे धरून विलासभाऊंना म्हणाले, फुफ्फुसाला मागच्या बाजूनं सूज आहे, पाणी साठलंय. "पाठीत चांगलीच कळ येत असणार यांना. कुणी सांगितलं नाही का?" विलासभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. तेव्हा तुमच्या नाकातोंडावर मास्क होता आणि तुम्ही काही सांगण्यापलीकडे गेला होतात. पुढं दोनच दिवस.

तिसऱ्या दिवसाऐवजी पहिल्या दिवशी फोटो निघाला असता तर? मी त्या डॉक्टरांना गाठून विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. वाचल्या असत्या असंही नाही, नसत्या असंही नाही. या उत्तरावर माणसानं करायचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

परवा तुमचं तेरावं झालं. सगळे गेल्यावर मी विलासभाऊंना गच्चीत गाठलं आणि सगळं सांगितलं. पाठ म्हणाल्या होत्या, मी मधे बोलले, डॉक्टरांनी लिहिलं नाही. मला वाटलं, आता ते ओरडतील, संस्थेत तक्रार करतील, कामावरून काढतील. मी त्याची तयारी करून गेले होते, खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच गेले होते. भाऊ माणूस चांगला, तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "जाऊ द्या, सुनंदाबाई. तुम्ही लई केलं तिचं. मनाला लावून घेऊ नका. सुटली ती."

ताई, मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. धडधाकट माणूस असा गेला असता, तर घरच्यांनी दवाखान्याच्या काचा फोडल्या असत्या. तुमच्या बाबतीत कुणाला माझी चूकसुद्धा चूक वाटत नाही. तुम्ही जाणारच होतात, आणि मी बिचारी इतकी वर्षं करत होते, असा सगळ्यांचा हिशेब मिटला. मी चूक केली म्हणते तर लोक माझीच समजूत काढतात. तुम्ही असता तर सरळ म्हणाला असता, "सुनंदाबाई, चुकलात." पाच सेकंद 'सुनंदाबाई'ला, तीन सेकंद 'चुकलात'ला. त्या आठ सेकंदांसाठी मी आत्ता काहीही देईन.

काल सचिव सरांनी बोलावलं. पुस्तिका छापायला जायची आहे, तुमच्या फोटोसकट, पहिल्या पानावर 'स्मृतीस अर्पण'. सगळे नियम त्यांनी घेतलेत, सहावा सोडून. म्हणाले, "सुनंदाताई, हा जरा व्यवहार्य नाही. बाहेर रांगा असतात, लोक खोळंबतात. अनुभवी मदतनिसाला कळतंच की समोरच्याला काय म्हणायचंय." हे सगळं माझंच बोलणं होतं, शब्दाला शब्द. मीच वर्षानुवर्षं संस्थेत बसून ते बोलले होते आणि त्यांना ते पटलं होतं. तुमच्याविरुद्ध मी इतकी वर्षं भांडले आणि जिंकले कधी, तर आता.

मी म्हणाले, "सर, हा नियम नसंल तर तुमच्या पुस्तिकेला ताईंचा फोटोबी नको." ते हबकले. मी या स्वरात त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. म्हणाले, बरं, ठेवू, पण लोकांना पटेल असं एखादं उदाहरण द्या खाली. मी म्हणाले, देते.

आज शनिवार. वर्ग मी घेतला. तुमची खुर्ची विलासभाऊंनी संस्थेला दिली आहे, ती भिंतीला लावून ठेवलीय, तिला कुणी हात लावला नाही. सहा नव्या मुली होत्या. सहाव्या नियमाला आल्यावर शबाना नावाची एक मुलगी, तुमच्या सिल्लोडकडचीच, हात वर करून म्हणाली, "पण ताई, रोज संगं राहिल्यावर आपल्याला मालूमच राहतं ना, ते काय बोलणार हायेत ते."

मी म्हणाले, "व्हय. मलाबी मालूम होतं."

मग सांगितलं. तुम्ही वर्गात माझं नाव कधी घेतलं नव्हतं, मी घेतलं. पाण्याचा दिवस, दारातला रिक्षावाला, डॉक्टरांचं पेन, सगळं. शबानानं विचारलं, "मग त्या काय बोलणार होत्या? पाठ, म्हणजे पुढं?"

सगळ्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगू शकले असते. पाठीत कळ येतेय, आजची वेगळी आहे, श्वास घेतला की टोचतंय, रोजची नाही हो ही. या पंधरा दिवसांत तुमचं वाक्य मी शंभर तऱ्हांनी पुरं करून बघितलंय. जिभेवर आलेलं होतं, आणि मी गप्प बसले. शबाना थांबली. मीही थांबले. तुम्हाला लागायचा तेवढा वेळ गेला असेल.

मग मी म्हणाले, "मला ठाऊक नाही. त्यांनाच विचारायला पाहिजे होतं."

'मला ठाऊक नाही', तेवढंच मी बोलायचं होतं ताई, त्या दिवशी डॉक्टरांपुढं.